नवीन प्लेअर आले म्हणून नाचायच्या आधी काय काय बघायचं

१ जुलै २०२५, पहाटेचे साडेतीन, मालवणात पाऊस असा की कौलांवर कोणी खडी ओततंय, लाईट गेलेली, मोबाईल १८ टक्क्यांवर आणि मी चादर गुंडाळून रिफ्रेश मारत बसलेलो. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या घड्याळात ३० जूनचे संध्याकाळचे सहा वाजले की एनबीएची, म्हणजे तिकडच्या बास्केटबॉल लीगची, फ्री एजन्सी उघडते (करार संपलेले प्लेअर दुसऱ्या टीमशी बोलायला मोकळे), ते आपले साडेतीन. मी डेन्व्हर नगेट्सवाला. मायकेल पोर्टर ज्युनियर गेला, कॅम जॉन्सन आला, मग ब्रूस ब्राऊन परत, मग व्हालान्चुनास, काही दिवसांनी टिम हार्डवे ज्युनियर, आणि ग्रुपवर पोरं लगेच कप आणायला निघाली. मी पण आधी असाच नाचायचो, आता जरा थांबतो. कसं थांबायचं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे नवीन नावं बाजूला ठेवून आपण मे महिन्यात हरलो कसे ते कागदावर लिहायचं, खरंच लिहायचं. हे मला मामाने शिकवलं, त्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तो तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळी घरात पसरलेली, म्हणजे त्याचाही ऑफसीझनच, आणि याच दिवसांत पुढच्या हंगामाचे खलाशी ठरतात, अ‍ॅडव्हान्स दिले जातात. मी त्याला रात्री कोण कोण आलं ते उत्साहाने सांगत होतो तर म्हणाला, "जाळ्याक भोक खंय पडला हा ता आधी बघ, मगे दोरी घे."

तर आमचं भोक. प्लेऑफमध्ये (सीझननंतरची बाद फेरी, सातपैकी चार मॅच जिंकायच्या) ओकलाहोमा सिटीने आम्हाला सातव्या मॅचमध्ये १२५-९३ धुतलं. आमचा मुख्य प्लेअर योकिच, त्याने त्या सीझनला २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), १०.२ असिस्ट (पास देऊन दुसऱ्याकडून बास्केट करवणं) असा ट्रिपल डबलचा, म्हणजे तिन्हीत दोन आकडी, अ‍ॅव्हरेज काढलेला, म्हणजे त्याच्याकडून अजून काय मागणार, पण तो पाणी प्यायला बसला की टीम बसायची. बेंच, म्हणजे बदली प्लेअर, नावालाच. म्हणजे माझ्या कागदावर दोनच ओळी: योकिच बसल्यावर कोण, आणि दमलेल्या पाच जणांना सोडवायला कोण. आता प्रत्येक नवीन प्लेअर या दोन ओळींसमोर उभा करायचा. व्हालान्चुनास पहिल्या ओळीत बसतो, खरा मोठा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस, रिबाउंड ओढतो, डिफेन्सला पाय जड आहेत पण दहा-बारा मिनिटं चालतील. (तो ग्रीसला पानाथिनाइकोस क्लबकडे जाणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा माझं दोन दिवस जेवण गोड लागलं नाही ते वेगळं.) ब्राऊन आणि हार्डवे दुसऱ्या ओळीत.

भोक बघून दोरी घेतलेली टीम बघायची असेल तर ओकलाहोमाचीच बघा, राग आला तरी. २०२४ ला ते डॅलसकडून हरले, रिबाउंड मिळेनात आणि त्यांच्या गिडी नावाच्या प्लेअरला डॅलसवाले बिनधास्त मोकळा सोडायचे, तर त्यांनी गिडी देऊन करूसो आणला आणि हार्टेनस्टाइनला ३ वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलरवर साइन केलं. पोस्टरवर लावायची नावं नव्हेत दोन्ही. पुढच्या वर्षी ६८ मॅच जिंकून चॅम्पियन. उलट २०१२ चे लेकर्स, नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड एकाच ऑफसीझनला, कोबे आधीच घरात, मॅगझिनच्या कव्हरसाठी बेस्ट टीम, आणि झालं काय तर ४५ जिंकल्या ३७ हरल्या आणि पहिल्याच राउंडला स्पर्सने ४-० ने घरी पाठवलं.

दुसरं, आकडा बघताना तो कुठल्या टीममधला आहे ते बघायचं. जॉन्सनचे १८.८ पॉइंट आणि थ्रीला (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) ३९ टक्के, पोर्टरचे १८.२ आणि ३९.५, म्हणजे वरून बघितलं तर सेमच. पण जॉन्सनचे पॉइंट आलेत ब्रुकलिनमध्ये, फक्त २६ मॅच जिंकलेली टीम, तिथे बॉल त्याच्याकडे यायचाच, आमच्याकडे तो योकिच, मरे, गॉर्डन यांच्यानंतर येणार म्हणून पॉइंट कमी झाले तर शिव्या घालू नका. टक्केवारी बघा, मोकळा असताना मारतो का ते बघा. आणि किती मॅच खेळला हे बघायला तर लोक विसरतातच: जॉन्सन ५७, पोर्टर ७७. पोर्टर प्लेऑफमध्ये दुखावलेला खांदा घेऊन खेळला, त्याला इतक्या सहज विसरणं मला तरी जमत नाही. खलाशी कितीही हुशार असला तरी होडीवर हजर पाहिजे ना.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण यात डोकं उठतं. २०२५-२६ ला सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) १५.४६ कोटी डॉलर, आणि वर २०.७८ कोटीला एक रेघ आहे, सेकंड एप्रन. ती ओलांडली की दोन प्लेअरचे पगार जोडून एक मोठा प्लेअर आणता येत नाही, अजून बरीच बंधनं. पोर्टरचा पगार साधारण ३.८ कोटी, जॉन्सनचा २.१, त्या फरकातूनच व्हालान्चुनासच्या एक कोटीची सोय झाली. ब्राऊन आणि हार्डवे तर मिनिममवर, म्हणजे लीगच्या किमान पगारावर आले. म्हणजे ट्रेड एकास एक बघायचा नाही, पोर्टर देऊन मिळालेलं सगळं एका पाटीत टाकून वजन करायचं. फुकट मात्र काही नसतं, २०३२ चा पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमध्ये नवखा प्लेअर निवडायचा हक्क) पण गेला, तेव्हा मी कुठे असेन देव जाणे.

ब्राऊनचं नाव वाचून मी खरंच ओरडलो, आई उठली. २०२२ ला कमी पैशात आलेला, ८० मॅच, ११.५ पॉइंट, आणि २०२३ ला पहिला कप. मग इंडियानाने २ वर्षांचे ४.५ कोटी दिले, गेला, बरोबरच केलं. पण इथे सावध राहायचं, परत येणारा माणूस तोच असतो असं नाही, मधे इंडियाना, टोरंटो, न्यू ऑर्लिन्स फिरून आलाय. जुने हायलाइट बघायचे नाहीत, मागच्या सीझनच्या दोन पूर्ण मॅच बघायच्या. कंटाळा येतो, पण बघायच्या.

जुलैत अजून एक चूक करू नका, लास व्हेगासची समर लीग बघून मतं बनवायची. तिथे नवखी पोरं खेळतात, तुमचे मोठे प्लेअर सुट्टीवर असतात. आणि बहुतेक डीलवर ६ जुलैपर्यंत सही होत नसते, तोवर जर्सी मागवू नका, मी एकदा मागवलीय, ती आता मामाचा पोरगा सुकट वाळवताना घालतो.

सीझन सुरू झाला की वीस-पंचवीस मॅच गप्प बसायचं. मायामीत २०१० ला लेब्रॉन, वेड, बॉश एकत्र आले तेव्हा पण सुरुवात ९-८ होती, नंतर सलग दोन कप आले. डेन्व्हरच्या घरच्या बऱ्याच मॅच आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये सकाळी साडेसहाला आणि थंडीत साडेसातला लागतात, घावणे-चहाची वेळ. स्कोअर सोडा, योकिच बेंचवर जाऊन टॉवेल खांद्यावर घेतो तिथून घड्याळ लावा आणि तो परत उठेपर्यंत लीड किती वाढला किंवा घटला तेवढं वहीत मांडा, पॉवर बँक आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा.