विज्ञानाच्या इतिहासाचं कॉमिक काढताय? मग या चुका टाळा

खान्देशातल्या पोरांना शास्त्रज्ञावर कॉमिक काढा म्हटलं की पहिलं नाव भास्कराचार्यांचं येतं, आणि यायलाच पाहिजे, चाळीसगावजवळचं पाटण जळगाव जिल्ह्यातच आहे. पण गडबड पहिल्याच पानावर होते. पांढरी दाढी, आणि डोळ्याला दुर्बीण! अहो, त्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ ११५० सालचा, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते, आणि दुर्बीण आली १६०८ मध्ये, तीही हॉलंडात. दाढी काळी करा, दुर्बीण खोडा. हातात सावली मोजायचा शंकू द्या, गणितं करायला धूळपाटी द्या, नाहीतर त्यांनीच वर्णन केलेलं, सूर्यावरून वेळ काढायचं फलकयंत्र द्या. घटीयंत्र तर कॉमिकसाठीच बनलंय असं वाटतं: तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते, झाली एक घटका. चार पॅनल, म्हणजे चित्रांच्या चौकटी काढा, एकही शब्द लिहू नका, सगळ्यांना कळतं.

आता लीलावतीची, म्हणजे भास्कराचार्यांच्या मुलीची म्हणून सांगतात ती गोष्ट. लग्नाचा मुहूर्त, घटीपात्रात वाकून बघणारी मुलगी, तिच्या दागिन्यातला मोती पडून भोक बुजतं आणि मुहूर्त टळतो. चित्र म्हणून फार सुंदर, त्यामुळे सगळेच काढतात. पण ही गोष्ट आपल्याला मिळते ती भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथाच्या, फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून, १५८७ सालच्या, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनंतर. नुसतं वाचताना 'असं म्हणतात' एवढं लिहिलं तरी चालतं, चित्रात मात्र 'म्हणतात' दिसत नाही, काढलं की ते घडलंच असं वाचणारा धरून चालतो. म्हणून गोष्ट काढून टाकू नका, सांगणारा दाखवा. आधी अकबराच्या दरबारातला फैजी लिहिताना काढा, मग मोत्याची पॅनल वेगळ्या रेषेत, तुटक चौकटीत.

तसंच 'भास्कराचार्य इथेच जन्मले' असं ठणकावून लिहायचा मोह होतो, मलाही अभिमान आहेच की, पण त्यांनी सांगितलेलं आपलं गाव विज्जडविड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पाटण हे त्यातलं एक मत. पक्कं काय आहे? १२०७ च्या सुमाराचा पाटणचा शिलालेख. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला असं त्यात आहे. माझ्या मते सगळ्यात मोठं पॅनल या मठाला द्या, पाट्या घेऊन बसलेली मुलं काढा, आपल्या भागाचा खरा मान तिथे आहे.

तिसरी चूक म्हणजे 'सापडलं!' वालं पॅनल. न्यूटनच्या डोक्यात सफरचंद पडतं आणि पुढच्या पानावर गुरुत्वाकर्षण तयार. सफरचंद पडताना पाहिल्याचं न्यूटनने म्हातारपणी सांगितलंय, डोक्यात पडल्याचं नाही. तो काळ प्लेगचा, १६६५-६६ चा, आणि गुरुत्वाकर्षण मांडणारं त्याचं पुस्तक 'प्रिन्सिपिया' छापलं १६८७ मध्ये. मधली वीस वर्षं गिळू नका, खोडलेली गणितं, खगोलशास्त्रज्ञ हॅलीची भेट, सगळं काढा.

सी. व्ही. रमणांचंही तेच. १९२१ च्या बोटीच्या प्रवासात समुद्र निळा का या प्रश्नाने सुरुवात, आणि 'रमण परिणामा'चा शोध २८ फेब्रुवारी १९२८ ला, मधे सात वर्षांची मेहनत आणि सोबत सहकारी के. एस. कृष्णन, त्यांना पॅनलबाहेर ठेवू नका. प्रयोग असा काढा: उन्हाचा झोत, वाटेत निळी-जांभळी काच, मग शुद्ध केलेलं द्रव, पलीकडे हिरवट काच. पहिल्या काचेतून आलेला प्रकाश दुसरी अडवते, म्हणजे काहीच दिसायला नको, तरी मंद उजेड दिसतो, म्हणजे द्रवातून जाताना काही प्रकाशाचा रंगच बदलला.

संवादाच्या बलूनमध्ये अख्खा धडा कोंबू नका, दोन छोटी वाक्यं बास. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्ट बदलत बसण्याआधी टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, आणि ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो. कॉमिक झेरॉक्स करून वाटणार असाल तर रमणांच्या त्या दोन काचा सारख्याच काळ्या येतात, म्हणून एकीवर आडव्या रेघा मारा, दुसरीवर तिरप्या, आणि बाजूला रंगांची नावं लिहा.