न्हावा शेवाचं सॅम्पल: फूड लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी केमिस्ट्री झाल्यावर मी नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये लागले. न्हावा शेवा बंदरात परदेशातून उतरलेल्या खाण्याच्या मालाची सॅम्पल्स आमच्याकडे यायची. तपासणीच्या मशीनवर बसायची फार हौस होती, पण मॅडमनी मला पहिले तीन महिने सॅम्पल्स दळायला बसवलं. पिस्ते, सुके अंजीर, मिरची. तेव्हा राग आला होता. आता मी नव्या मुलांना हेच काम आधी देते.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे चांगले असतात आणि एखाद्याच किडक्या, काळपट दाण्यात ते ठासून भरलेलं असतं. थेट खायच्या पिस्त्यासाठी मर्यादा आहे किलोमागे 10 मायक्रोग्रॅम. तो एक दाणा दळणात आला नाही, तर खराब माल बिनबोभाट पास होतो. एकदा घाईत मी पिशवीतला वरचाच मूठभर माल दळला. रिपोर्ट स्वच्छ. मॅडमनी राहिलेला सगळा माल पाणी घालून गंधासारखा बारीक वाटायला लावला, पुन्हा मशीनला लावला आणि बी-वनचा, म्हणजे अफ्लाटॉक्सिनच्या सगळ्यात घातक प्रकाराचा, आलेखातला सुळका सरळ वर गेला. माझे हातपाय गार पडले. तो पिस्ता कुणाच्या तरी लेकराच्या बर्फीवर पडला असता.

बंदरावरची पद्धतही समजून घ्या. आधी कागदपत्रं, मग लेबल आणि उरलेली मुदत बघतात. प्रत्येक कंटेनरचं सॅम्पल निघत नाही, जोखीम बघून ठरतं. निघालं की त्याचे दोन भाग होतात. एक लॅबला येतो आणि पाच दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. फेल झालेला माल परत पाठवावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो.

सरकारी फूड सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर नुसती केमिस्ट्रीची बीएस्सी चालत नाही, एमएस्सी लागते. फूड टेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीची पदवी मात्र चालते. फूड अ‍ॅनालिस्ट, म्हणजे सॅम्पलच्या रिपोर्टवर अधिकृत सही करणारा, व्हायला केमिस्ट्रीवाल्यांना पदव्युत्तर शिक्षण, अन्नतपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची परीक्षा लागते.

सॅम्पलचा दुसरा भाग सीलबंद ठेवलेला असतो. आयातदाराने अपील केलं की तो फेरतपासणी करणाऱ्या रेफरल लॅबला जातो, आणि मग तुमची कामाची नोंदवही उघडली जाते. म्हणून किती ग्रॅम घेतलं, किती दळलं, ते त्याच क्षणी पेनने लिहा. आकडा चुकला तर खोडू नका. त्यावर एकच रेघ मारा, बाजूला बरोबर आकडा लिहा, सही करा, तारीख घाला.