कुत्र्याच्या शरीरातील पाण्याची कमतरता आणि मूत्रपिंडांचे विकार कसे ओळखावेत

कुत्र्याला भरपूर लघवी होते, म्हणजे त्याची मूत्रपिंडे उत्तम आहेत, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. मूत्रपिंडे हळूहळू झिजू लागली की पाणी शरीरात परत शोषून घेण्याची त्यांची क्षमता कमी होते; लघवी पातळ आणि पुष्कळ होते, कुत्रा सारखा पाणी पितो आणि तरीही त्याच्या शरीराला पाणी पुरत नाही.

तपासणी हिरड्यांपासून सुरू करावी. निरोगी हिरड्या ओल्या आणि बुळबुळीत असतात. त्या चिकट किंवा कोरड्या लागल्या, तर पाणी कमी झाल्याची शंका घ्यावी. खांद्यांमधली त्वचा चिमटीत उचलून सोडल्यास ती लगेच पूर्ववत बसायला हवी. मात्र म्हाताऱ्या किंवा कृश कुत्र्याची त्वचा एरवीही सैल असते आणि लठ्ठ कुत्र्यात चरबीमुळे कमतरता झाकली जाते, म्हणून केवळ या एका खुणेवर विसंबू नये. शरीराच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी गेले असेल, तर बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही, आणि डोळे खोल गेलेले दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मूत्रपिंडांसाठी मात्र पिण्याचे पाणी मोजणे हीच घरच्या घरी करण्याजोगी सर्वांत उपयुक्त गोष्ट आहे. भांड्यात मोजून पाणी भरावे, २४ तासांनी उरलेले वजा करावे आणि असे तीन दिवस लिहून ठेवावे. १० किलो वजनाचा कुत्रा दिवसाला १ लिटरहून अधिक पाणी पीत असेल, तर ते निश्चितच जास्त आहे. मधुमेहात आणि मादीच्या गर्भाशयातील संसर्गातही तहान वाढते, म्हणून निदान पशुवैद्यांवरच सोपवावे. वजन घटणे, अन्नावरची वासना जाणे, उलट्या, तोंडात व्रण आणि श्वासाला उग्र दुर्गंधी ही लक्षणे सहसा नंतर येतात. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्यावरच स्पष्टपणे वाढते. त्यामुळे तो अहवाल चांगला आला तरी सकाळच्या पहिल्या लघवीची घनता तपासून घेण्याचा आग्रह धरावा.

द्राक्षे, मनुका, आयबुप्रोफेन किंवा गाडीच्या रेडिएटरमधील कूलंट पोटात गेले असेल, लघवी एकाएकी कमी झाली असेल किंवा थेंबथेंब होत असेल, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठावा. उलट्या करणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बळेच पाणी ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. आणि घरात लघवी होते म्हणून रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याची चूक तर कधीच करू नये. आजारी मूत्रपिंडांच्या कुत्र्यासाठी ते भांडे अहोरात्र भरलेलेच असले पाहिजे.