मॅन्युअल लेन्स की ऑटोफोकस? घेण्याआधी या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की कॅमेरे घेतलेली पोरं घोड्यांच्या मागे धावत असतात. तिथे एकाने मला स्क्रीन दाखवली. घोड्याची आयाळ पुसट, मागच्या तंबूचा दोर मात्र एकदम स्पष्ट. "भो, लेन्सच खराब निघाली!" लेन्स चांगली होती. जुनी ५० मिमी मॅन्युअल, म्हणजे हाताने रिंग फिरवून फोकस लावायची; स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. चूक तिथेच झाली.

अंगावर येणाऱ्या घोड्यासाठी सतत पाठलाग करणारा ऑटोफोकसच (आपोआप लागणारा फोकस) हवा, आणि कॅमेऱ्यात तो मोड लावलेलाही हवा. एकदाच फोकस धरून थांबणाऱ्या मोडमध्ये महागडी लेन्ससुद्धा मागे पडते. हाताशी मॅन्युअलच असेल तर घोड्यामागे रिंग फिरवत बसू नका. घोडा जिथून जाणार त्या जमिनीवर आधीच फोकस लावा, अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा (आकडा मोठा, तितकं लेन्सचं भोक लहान आणि स्पष्ट दिसणारा पट्टा रुंद), तो तिथे पोचण्याच्या क्षणी बटण दाबा.

दुसरी चूक सेकंडहँड घेताना होते. लेन्सवर 'एएफ' (ऑटोफोकस) लिहिलंय एवढंच बघून पैसे देतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. निकॉनच्या डी७५०० कॅमेऱ्यात ती आहे. डी३५०० आणि डी५६०० मध्ये नाही. त्या दोन्हींवर ही लेन्स हातानेच फिरवावी लागेल. एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स जोडणारी कडी) लावून निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यावर बसवली तरी तेच. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. म्हणून स्वतःचा कॅमेरा सोबत न्या, लेन्स लावून बघा, मगच व्यवहार करा.

हळदीच्या फोटोंचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण तो क्षण परत येत नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी, एफ/१.४, नवरी दोन मीटरवर: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा. ती हसून जरा पुढे झुकली की डोळे गेले, कान आला. मॅन्युअल लेन्सवर अशा वेळी एफ/२.८ हून मोठा आकडा ठेवा, नाहीतर डोळा ओळखणारा ऑटोफोकस वापरा.

मॅन्युअलची खरी मजा स्थिर गोष्टींत आहे: पाटणादेवीचं कोरीव काम, पानावरचं दव. पण डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. एफ/१.४ ला पट्टा किती अरुंद आहे ते त्यात नीट कळत नाही. लाइव्ह व्ह्यू लावून मागच्या स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करा, मग रिंग फिरवा. चष्मा असेल तर डायॉप्टरही (व्ह्यूफाइंडरचा नंबर जुळवणारं चाक) जुळवून घ्या.

नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीसारख्या अंधारात ऑटोफोकस मागेपुढे करत बसतो. धुरावर नको, उजेड-अंधाराच्या कडेवर फोकस पॉइंट ठेवा.

आणि मे महिन्यात जळगावच्या दुपारी लांबच्या लेन्सने तापीपल्याडचं काही टिपलं आणि ते थरथरलेलं आलं, तर लेन्स बदलायला धावू नका. तापलेल्या जमिनीवरची हवाच हलत असते. तिथे मॅन्युअल आणि ऑटोफोकस दोन्ही हतबल. तीच लेन्स पहाटे सहाला हतनूर धरणाच्या काठावर लावून बघा.