ईसीजीची पट्टी हातात आली की काय बघायचं

मिरजेला दवाखान्यात आण्णांचा ईसीजी काढला, रिपोर्टवर लिहून आलं 'फर्स्ट डिग्री ब्लॉक', झालं, घरात रडारड, काकी तर बायपासचा खर्च विचारायला लागली. नंतर कळलं हा ब्लॉक नळीतल्या चरबीचा नव्हेच, वायरिंगचा! म्हणून पट्टी वाचायला शिकलो, तेच सांगतो. निदान डॉक्टरच करणार हां.

आधी कडेला स्पीड बघा, बहुतेक सेकंदाला २५ मिमी असतो. मग एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा, जाड रेघेचा मोठा ०.२ सेकंदाचा.

आता एकच ठोका धरा. पहिला छोटा उंचवटा म्हणजे 'पी'. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड असतो, तिथनं करंट आपोआप सुटतो (मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो) आणि वरचे दोन्ही कप्पे आकसतात. त्याच्यापुढं सपाट रेघ दिसेल, ती सोडून पुढं जाऊ नका, खरी गंमत तिथंच आहे. खाली जायच्या वाटेवर एव्ही नोड करंटला थोडा थांबवून धरतो, सांगली स्टँडवर सगळे चढल्याशिवाय कंडक्टर डबल बेल देत नाही ना तसंच, तेवढ्यात वरचं रक्त खालच्या कप्प्यात उतरतं. 'पी' सुरू झाल्यापासून पुढचा सुळका सुरू होईपर्यंत बारीक चौकोन मोजा, ३ ते ५ नॉर्मल. आण्णांचे ६ भरले. म्हणजे बेल उशिरा, पण गाडी एकही चुकली नाही, त्याचंच नाव फर्स्ट डिग्री ब्लॉक.

तो सुळका 'क्यूआरएस'. करंट दोन फांद्यांतनं खालच्या कप्प्यांत पसरतो, हृदय पिळलं जातं. रुंदी ३ बारीक चौकोनांच्या आत पाहिजे. शेवटचा गोलसर 'टी' म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी रिचार्ज.

ठोके मोजायचे तर दोन सुळक्यांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा, ४ आले तर ७५. सुळके वेडेवाकडे अंतरावर असतील तर हा हिशोब चुकतो, मग ३० मोठ्या चौकोनांतले सुळके मोजून १० नं गुणा.

आणि पट्टी आली की लगेच मोबाईलवर फोटो काढा, पुढच्या वेळी डॉक्टर जुनी मागतातच. बऱ्याच ठिकाणी थर्मल कागद असतो, छपाई उडते. आण्णांनी जपायची म्हणून लॅमिनेशनला दिली, गरम मशीनमधनं काळी ठिक्कर होऊन आली.