सायटिकाचं दुखणं आणि खुब्याची हालचाल घरी कशी मोजायची

आईला सायटिका (कंबरेतनं पायात जाणारी नस दुखावणं) झाला तेव्हा रोज विचारायचो, आज कसं आहे, आणि ती रोज म्हणायची "हाय तसंच". त्यातनं डॉक्टरला काय कळणार? म्हणून वही घातली. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे सहनच होत नाही, असा आकडा सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना लिहायचा, पण कंबरेचा वेगळा आणि पायाचा वेगळा, कारण सायटिकात कळ पायात उतरते आणि खरी बातमी तिथंच असते. त्या दिवशी खानापूर-बेळगावसारखा बसप्रवास झाला असेल तर तेही शेजारी लिहा. एखाद्या अंकानं वरखाली झालं तर लगेच घाबरू नका, २ अंकांचा फरक मात्र खरा धरायचा.

आता पाय. सतरंजीवर उताणं झोपवा, मोबाईलमधलं कोन मोजायचं ॲप नडगीवर ठेवून शून्य करा, गुडघा सरळ ठेवून दुसऱ्यानं पाय सावकाश उचलायचा आणि कळ सुरू झाली की तिथंच थांबून कोन लिहायचा, जोर अजिबात लावू नका. ३० ते ७० अंशांमध्ये गुडघ्याखाली कळ गेली तर नस दबल्याची शंका येते, नुसता मांडीमागचा स्नायू ताणला तर ते वेगळं. दोन्ही पाय मोजा, वेळ रोज एकच ठेवा.

खुब्यासाठी तेच ॲप मांडीवर ठेवून शून्य करा आणि गुडघा छातीकडे घ्या, निरोगी खुबा साधारण १२० अंश वाकतो.

लघवी अडली, बसायच्या जागी बधिर झालं किंवा पाऊल उचलेना तर मोजत बसू नका हं, तडक दवाखाना गाठा.