'लेडी जेन' बघणार असाल तर आधी एवढं करा

ट्रेव्हर नन यांचा १९८६ चा 'लेडी जेन' बरेच जण अर्ध्यात सोडतात, कारण कोण कोणाचं कोण तेच कळत नाही, आणि खरंच वाईट वाटतं कारण पुढे सिनेमा फार सुंदर होत जातो. सव्वादोन तासांच्या वर आहे, त्यामुळे रात्री उशिरा लावू नका आणि सबटायटल्स चालू ठेवा.

पहिलं काम म्हणजे नाती पक्की करा. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनंतर गादीवर त्याचा मुलगा सहावा एडवर्ड, वय १५, आजारी आणि कट्टर प्रोटेस्टंट. त्याच्यानंतर नंबर सावत्र बहीण मेरीचा, पण ती कॅथलिक. कारभार सगळा ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँडच्या हातात, आणि मेरी आली की आपलं काही खरं नाही हे त्याला माहीत, म्हणून मग एडवर्डच्या आतेबहिणीची मुलगी जेन ग्रे, म्हणजे नात्याने भाची पण वयाने बरोबरीची, तिचं लग्न आपल्या मुलाशी, गिल्फर्डशी लावायचं आणि गादी तिच्या नावावर करून घ्यायची. एवढं डोक्यात बसलं की पुढचं आपोआप लागतं. मे १५५३ मध्ये लग्न, ६ जुलैला एडवर्ड गेला, १० जुलैला जेन राणी, १९ जुलैला मेरी राणी. बस्स, एवढंच राज्य.

आता बघताना काय बघायचं. हेलेना बॉनहम कार्टर तेव्हा जेमतेम विशीची होती, तिचा चेहरा सोडू नका. सुरुवातीला सगळे शिकारीला गेलेत आणि ही प्लेटो वाचत बसलीये, हा प्रसंग खऱ्या घटनेवरून घेतलाय, फक्त प्रत्यक्षात तिला भेटले होते ते रॉजर अ‍ॅशम नावाचे विद्वान. शिलिंगच्या नाण्याचं बोलणंही नीट ऐका. हेन्रीच्या काळात नाण्यातली चांदी कमी करत नेली होती, त्यात गरीब माणूस भरडला गेला, आणि सिनेमातलं जेन आणि गिल्फर्डचं प्रेम त्या रागातूनच वाढतं. मला हीच या सिनेमाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पण हे प्रेम इतिहास म्हणून घेऊ नका. लग्न घरच्यांनी लादलेलं होतं, आणि मुकुट आणणाऱ्याने नवऱ्यासाठीही एक बनवू असं म्हटल्यावर जेनने साफ सांगितलं की ड्यूक करेन, राजा नाही. १६-१७ वर्षांची मुलगी, सासू-सासरे डोक्यावर बसलेले आणि तरी ऐकत नाही! मेरी आल्यावर दोघं लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत होती, आणि शिरच्छेदाच्या दिवशीही गिल्फर्डने भेटायची इच्छा कळवली तेव्हा ती नको म्हणाली, दुःख वाढेल, लवकरच दुसरीकडे भेटू. मग १२ फेब्रुवारी १५५४ ला सकाळी त्याला शिरच्छेदासाठी बाहेर टॉवर हिलवर नेलं आणि गाडीतून परत आणलेलं त्याचं धड तिने पाहिलं. मला खरी जेन सिनेमातल्या जेनपेक्षा जास्त आवडते, म्हणून दोन्ही बघा, एकीसाठी दुसरी सोडू नका.

आणि मेरीला खलनायिका समजू नका. तिने आधी जेनचा जीव घ्यायचं टाळलं होतं, पण मेरीविरुद्धच्या वायटच्या बंडात जेनचा बाप सामील झाला आणि मग तिला वाचवणं अवघड झालं. सिनेमात हा बाप पॅट्रिक स्ट्यूअर्टने केलाय.

शेवटची वीसेक मिनिटं मध्ये न थांबता बघा. डोळ्यांवर पट्टी, आणि मान ठेवायचा ओंडका हाताला लागत नाही म्हणून चाचपडणारी जेन, हे त्या काळच्या वृत्तांतात आहे, सिनेमाने वाढवलेलं नाही.

लंडनला असाल तर नंतर टॉवरमध्ये बोशँप टॉवरला जाऊन भिंतीवर कोरलेलं जेनचं नाव बघा, आणि नॅशनल गॅलरीत चित्रकार दलारोशचं जेनच्या शिरच्छेदाचं १८३३ चं मोठं चित्र. त्यात अंधारी खोली दाखवलीये, प्रत्यक्षात शिरच्छेदाचं मचाण टॉवरच्या आवारात, उघड्यावर होतं.